वाचकांचे प्रश्न : ऑब्लिव्हियन जुना खेळावा की नवा?

‘द एल्डर स्क्रोल्स 4 : ऑब्लिव्हियन’ हा रोल-प्लेइंग गेम मार्च 2006 मध्ये आला. त्याची रीमास्टर (तोच गेम नव्या रूपात आणणारी) आवृत्ती 22 एप्रिल 2025 रोजी, घोषणा झाली त्याच दिवशी, विक्रीला आली. तेव्हापासून जुन्या-नव्याची तुलना करणारे प्रश्न येत आहेत. त्यांतले ज्यांची उत्तरं सगळ्यांच्या उपयोगाची आहेत ते इथे घेतले आहेत.

प्रश्न : मी मूळ गेम कधी खेळलो नाही. थेट रीमास्टर घेतला तर काही हुकेल का? आणि हा गेम नव्याने बांधलाय की जुन्यालाच नवा रंग दिलाय?

थेट रीमास्टर घ्या, कथेच्या बाबतीत काही हुकणार नाही. सम्राट युरियल सेप्टिमला पॅट्रिक स्ट्युअर्टचा आणि मार्टिनला शॉन बीनचा आवाज आहे, तो तसाच ठेवलाय. जेरेमी सोल यांचं संगीतही तेच आहे. ‘शिव्हरिंग आयल्स’ आणि ‘नाइट्स ऑफ द नाइन’ हे दोन्ही विस्तार साध्या आवृत्तीतच मिळतात, वेगळे घ्यावे लागत नाहीत. आवाजांत एक भर चांगली आहे. मूळ गेममध्ये खजीत आणि आर्गोनियन हे दोन वंश एकाच आवाजात बोलायचे, आता त्यांचे आवाज वेगळे आहेत.

बांधणीबद्दल सांगायचं तर हा प्रकार दोन्हींच्या मधला आहे. व्हर्च्युओस या स्टुडिओने मूळ गेम बनवणाऱ्या बेथेस्डासोबत काम करताना मूळ गेमब्रायो इंजिन (गेम चालवणारं आतलं सॉफ्टवेअर) काढून टाकलं नाही. क्वेस्ट (गेममधली कामगिरी) कुठल्या टप्प्यावर आहे, पहारेकरी कधी झोपायला जातो, तलवारीच्या वाराने किती नुकसान होतं, हा सगळा हिशोब आजही तेच जुनं इंजिन करतं. पडद्यावर जे दिसतं ते अनरियल इंजिन 5 काढतं. ही एक गोष्ट ध्यानात घेतली की रीमास्टरचे गुण आणि दोष दोन्ही उलगडतात. प्रकाश, पाणी, दूरवरचे डोंगर, चेहरे हे सगळं नवं आहे, कारण ते अनरियलच्या वाट्याचं काम आहे. पात्रं मध्येच भिंतीकडे तोंड करून उभी राहतात किंवा दोघांचं संभाषण तुटक वाटतं, ते मात्र जुन्यासारखंच आहे, कारण ते गेमब्रायोच्या वाट्याचं आहे आणि त्याला फारसा हात लावलेला नाही.

म्हणून ‘सुधारलाय का?’ याचं उत्तर ग्राफिक्सच्या चित्रांवरून देता येत नाही. नियमांत काय बदललं ते बघावं लागतं. आमच्या मते या रीमास्टरची सगळ्यात मोठी सुधारणा लेव्हल वाढण्याच्या पद्धतीत आहे, आणि सगळ्यात मोठी हुकलेली संधीही तिथेच, अगदी शेजारी आहे.

प्रश्न : जुन्या गेममध्ये लेव्हल वाढली की आपण कमजोर होतो असं मित्र म्हणतो. हे कसं शक्य आहे? नव्यात ते दुरुस्त झालंय का?

मित्राचं बरोबर आहे. यामागचा हिशोब थोडा सविस्तर सांगतो, कारण जुना गेम खेळायचा असेल तर तो माहीत असायलाच हवा.

गेममध्ये 21 स्किल (तलवारबाजीसारखी कौशल्यं) आहेत आणि 8 ॲट्रिब्यूट (ताकद, चपळाई असे मूलभूत गुणधर्म). सुरुवातीला तुम्ही 7 स्किल ‘मेजर’ म्हणून निवडता. या सातांत मिळून 10 वेळा वाढ झाली की झोपल्यावर एक लेव्हल वाढते. त्या वेळी तीन ॲट्रिब्यूट निवडायचे असतात. प्रत्येकात किती गुण वाढतील हे त्या लेव्हलमध्ये त्याच्याशी जोडलेली स्किल किती वेळा वाढली यावर ठरतं. एकदाही वाढ नसेल तर 1 गुण, 1 ते 4 वेळा वाढली तर 2, 5 ते 7 वेळा तर 3, 8 किंवा 9 वेळा तर 4, आणि 10 किंवा जास्त वेळा वाढली तर 5. इथे मेजर आणि मायनर (उरलेली) दोन्ही स्किल मोजली जातात.

आता साधा खेळाडू काय करतो? तलवार चालवायची म्हणून ब्लेड, ढाल वापरायची म्हणून ब्लॉक, आणि सोबत जे जे रोज लागतं ते सगळं मेजरमध्ये टाकतो. परिणाम असा की त्या 10 वाढी चार-पाच ॲट्रिब्यूटमध्ये विखुरतात, लेव्हल झपाट्याने वाढते आणि दर वेळी 2, 2 आणि 3 असे जेमतेम 7 गुण हाती लागतात. ॲथलेटिक्स किंवा ॲक्रोबॅटिक्स मेजरमध्ये असेल तर नुसतं धावून आणि उड्या मारूनही लेव्हल चढत जाते. पण या गेममध्ये शत्रूही तुमच्या लेव्हलप्रमाणे वाढतात. तुमचे गुण 7 ने वाढले आणि समोरचा मात्र पूर्ण लेव्हलने तगडा झाला, असं पंधरा-वीस लेव्हल चाललं की साधा गॉब्लिनही पडता पडत नाही.

उलट प्रत्येक लेव्हलला 5, 5 आणि 5 असे 15 गुण हवे असतील तर तीन ॲट्रिब्यूटशी जोडलेल्या स्किलमध्ये मिळून 30 वाढी करायच्या, आणि त्यांतल्या फक्त 10 मेजर असायला हव्यात. म्हणजे किमान 20 वाढी मायनर स्किलमधून आणायच्या. म्हणून जुने खेळाडू जी स्किल खरोखर वापरायची ती मुद्दाम मायनर ठेवत. वही-पेन घेऊन खेळायची ही पद्धत काहींना आवडते, पण पहिल्यांदा खेळणाऱ्यावर ती लादणं हा मूळ गेमचा खरा दोष होता.

त्यात आणखी एक मेख आहे. दर लेव्हलला वाढणारं आरोग्य त्या वेळच्या एन्ड्युरन्स (सहनशक्ती) या ॲट्रिब्यूटच्या दहाव्या भागाइतकं असतं आणि मागचं भरून मिळत नाही. एन्ड्युरन्स उशिरा वाढवला तर तेवढं आरोग्य कायमचं गेलं. म्हणून जुन्या गेममध्ये आर्मरर, ब्लॉक आणि हेवी आर्मर या एन्ड्युरन्सशी जोडलेल्या तीन स्किलकडे पहिल्या लेव्हलपासूनच लक्ष द्या.

रीमास्टरमध्ये ही आकडेमोड काढून टाकली. दर लेव्हलला सरसकट 12 गुण मिळतात, ते जास्तीत जास्त तीन ॲट्रिब्यूटमध्ये वाटायचे, एकात 5 पेक्षा जास्त नाही. लक (नशीब) हा ॲट्रिब्यूट महाग आहे, त्याच्या 1 गुणाला 4 गुण मोजावे लागतात. 5, 3 आणि लकमध्ये 1 अशी वाटणी केली की बरोबर 12 होतात. शिवाय मेजरबरोबर मायनर स्किलही आता लेव्हलला हातभार लावतात. हिशोबी खेळाडूचे दर लेव्हलला 3 गुण गेले, साध्या खेळाडूला 5 जास्त मिळाले. हा सौदा योग्य आहे असं आम्ही निःसंकोच म्हणतो. ज्याला जो वर्ग (योद्धा, चोर, जादूगार वगैरे) खेळायचा आहे तो त्याने मोकळेपणाने निवडावा, यासाठी हे आवश्यक होतं.

जे दुरुस्त झालं नाही ते लेव्हल स्केलिंग, म्हणजे तुमच्या लेव्हलबरोबर शत्रूही वाढत जाणं. विसाव्या लेव्हलच्या पुढे वाटेवरचा फाटका दरोडेखोर काचेचं किंवा डेड्रिक असं या गेममधलं भारी चिलखत घालून येतो आणि प्रवाशाकडे मागतो मात्र किरकोळ रक्कम. जग तुमच्यासोबत वाढतं तेव्हा आपण बलवान झालो याची जाणीवच होत नाही. क्वेस्टची काही बक्षिसंही, ज्या लेव्हलला मिळतील त्याच ताकदीवर कायम राहतात. पाचव्या लेव्हलला मिळवलेली जादुई तलवार पंचविसाव्या लेव्हलला निरुपयोगी होते. म्हणून नव्या गेममध्येही दोन गोष्टी पाळा. मुख्य कथेतला क्वाच शहराचा वेढा लेव्हल 10 च्या आत उरकून घ्या, उशीर केला तर तिथले डेड्रा (राक्षसी शत्रू) तगडे होतात आणि सोबतचे सैनिक पटापट पडतात. आणि ज्या क्वेस्टला नावाजलेलं हत्यार मिळतं ती शक्य तितकी पुढे ढकला.

प्रश्न : अडचणीची पातळी ‘एक्स्पर्ट’ केली की शत्रू संपतच नाहीत, ‘अडेप्ट’वर सगळं फारच सोपं. माझं काही चुकतंय का?

तुमचं काही चुकत नाही. मूळ गेममध्ये एक सरकपट्टी होती, ती शेवटच्या टोकाला नेली की तुमच्या वाराने होणारं नुकसान सहाव्या भागावर यायचं आणि शत्रूच्या वाराने होणारं सहापट व्हायचं. पण मधे कुठेही थांबता येत असल्याने प्रत्येकाला आपली जागा सापडायची. रीमास्टरने तिच्याऐवजी पाच ठरावीक पायऱ्या दिल्या आणि अडेप्ट व एक्स्पर्ट यांच्यातली उडी फार मोठी ठेवली. इथे जुनंच चांगलं होतं, यात शंका नाही. 2025 मध्येच आलेल्या अपडेटने या दोन पायऱ्यांच्या मधे ‘जर्नीमॅन’ ही पातळी टाकली आणि खेळाडूच्या वारांनी आणि शत्रूच्या वारांनी होणारं नुकसान वेगवेगळं ठरवायची सोय केली. गेम अपडेट करा, शत्रूच्या वारांचं नुकसान वर न्या आणि आपल्या वारांचं अडेप्टच्या आसपास ठेवा. लढाया धोकादायक होतील, पण रेंगाळणार नाहीत.

वरच्याच पातळीवर खेळायचं असेल तर कॉन्ज्युरेशन (जादूने प्राणी बोलावण्याची स्किल) शिका. ही वजाबाकी फक्त तुम्ही आणि शत्रू यांच्यातल्या वारांना लागते. तुम्ही बोलावलेला प्राणी शत्रूवर पूर्ण ताकदीने तुटून पडतो.

प्रश्न : घरात, गुहेत गेम लोण्यासारखा चालतो. बाहेर घोडा पळवला की दर काही पावलांनी अडखळतो. कार्ड नवं आहे, मग दोष कशाचा?

बाहेरचं जग चौकोनी तुकड्यांत विभागलेलं आहे. एका तुकड्याची हद्द ओलांडली की पुढचे तुकडे मेमरीत आणावे लागतात. मूळ गेममध्येही हे होतं, तेव्हा पडद्यावर जागा लोड होत असल्याची ओळ झळकायची. रीमास्टरमध्ये त्याच क्षणी जुनं इंजिन आपली माहिती उघडतं आणि अनरियल त्याच जागेची कितीतरी जड दृश्यसामग्री आणतं. हा भार मुख्यतः प्रोसेसर आणि डिस्कवर पडतो, म्हणून चांगलं ग्राफिक्स कार्ड असूनही झटका बसतो. गुहा आणि घरं हे बंदिस्त तुकडे आहेत, ते एकदाच लोड होतात.

अडखळणं पूर्ण जात नाही, कमी होतं. गेम एसएसडीवरच ठेवा, साध्या हार्ड डिस्कवर तो खेळण्यासारखा राहत नाही. पहिल्यांदा सुरू केल्यावर शेडर (चित्र रंगवणारे छोटे प्रोग्रॅम) तयार होतात, ते काम पुरं होऊ द्या, घाईने पुढे जाऊ नका. मग सेटिंगमध्ये हार्डवेअर रे-ट्रेसिंग बंद करून ल्युमेन (अनरियलची प्रकाश दाखवायची यंत्रणा) सॉफ्टवेअर पद्धतीवर ठेवा, चित्रात पडणारा फरक खेळताना फार जाणवत नाही. दृश्याचं अंतर एक पायरी खाली आणा. शेवटी फ्रेमरेटला (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांच्या संख्येला) मर्यादा घाला. बाहेर 55 ते 80 मध्ये हेलकावत असेल तर 60 वर बांधा. सरासरी थोडी घटते, पण हालचाल एकसारखी होते आणि डोळ्याला तेच हवं असतं. फ्रेम जनरेशन (मधली चित्रं कृत्रिमरीत्या भरणं) चालू करून आकडा वाढवण्याचा मोह टाळा. मूळ झटका तसाच राहतो, फक्त त्याच्या आजूबाजूचा आकडा फुगतो.

तासन्‌तास खेळल्यावर गेम जड होत असेल तर सेव्ह करून पूर्ण बंद करा आणि पुन्हा सुरू करा. नुसतं मेनूपर्यंत येऊन परत जाण्याने भागत नाही.

प्रश्न : माझ्या पीसीत 8 जीबी रॅम आणि जुनं कार्ड आहे. सगळं लो करून रीमास्टर चालेल?

नाही. किमान अटच 16 जीबी रॅम, जीटीएक्स 1070 टीआय किंवा आरएक्स 5700 आणि सुमारे 125 जीबी जागा अशी आहे. पैसे वाया घालवू नका, मूळ गेम घ्या. तो 512 एमबी रॅमच्या काळातला आहे, आजच्या कुठल्याही साध्या पीसीवर धावतो.

फक्त तो नीट बसवा. विंडोजच्या ‘प्रोग्रॅम फाइल्स’ फोल्डरमध्ये टाकू नका. तिथे विंडोज फाइल बदलू देत नाही आणि मॉड (चाहत्यांनी केलेले गेममधले बदल) लागल्यासारखे वाटून लागत नाहीत. डिस्कवर स्वतंत्र फोल्डर करा. इन्स्टॉल झाल्यावर लाँचर एकदा चालवून ग्राफिक्स निवडा, त्याशिवाय सेटिंगची आयएनआय फाइल तयारच होत नाही. गेम 32 बिटचा असल्याने एका मर्यादेपलीकडे मेमरी वापरत नाही आणि मोठ्या शहरांत बंद पडतो. त्यासाठी ही मर्यादा वाढवणारा 4 जीबी पॅच लावा. त्यानंतर एक्सओबीएसई हा स्क्रिप्ट एक्स्टेंडर (मॉडना जादा आज्ञा वापरू देणारं साधन), आणि मग चाहत्यांनी केलेला अनधिकृत दुरुस्ती पॅच. हा पॅच शेकडो क्वेस्ट आणि वस्तूंतले दोष घालवतो. विस्तार असतील तर त्यांचे वेगळे पॅच मिळतात, तेही घ्या. प्रत्येक पायरीनंतर गेम एकदा उघडून पाहा. सगळं एकदम टाकलं आणि बंद पडलं तर दोषी कोण ते शोधण्यात संध्याकाळ जाते.

ग्राफिक्समध्ये एचडीआर (उजेड-अंधाराचा मोठा पल्ला) आणि अँटी-अलायझिंग (दातेरी कडा गुळगुळीत करणं) यांतलं एकच निवडता येतं. एचडीआर घ्या, या जगाचा प्रकाश त्याच्यावरच उभा आहे. आणि एकच सेव्ह दोनशे तासांहून अधिक चालवणार असाल तर एक जुना रोग माहीत असू द्या. दारं, आगीच्या ज्वाळा, जादूचे परिणाम यांची हालचाल हळूहळू मंदावते आणि शेवटी थांबते. गेमचा वेळ मोजणारा आकडा सेव्हमध्ये वाढत जातो आणि त्याची अचूकता संपते, हे त्याचं कारण. सेव्ह दुरुस्त करणारी छोटी साधनं मिळतात, आधी सेव्हची प्रत काढून मगच वापरा.

प्रश्न : जुने मॉड रीमास्टरला चालतात का? कंपनी तर मॉड चालत नाहीत म्हणते.

कंपनीचा अधिकृत पाठिंबा नाही, पण आत जुनं इंजिन असल्याने ईएसपी फाइल (जुन्या मॉडच्या फाइल) वाचल्या जातात. गेमच्या फोल्डरमधल्या ‘कंटेंट’मध्ये ‘डेव्ह’, त्यात ‘ऑबव्हीडेटा’, त्यात ‘डेटा’ असा पत्ता आहे. ईएसपी तिथे ठेवा आणि तिथल्याच प्लगिन्स नावाच्या टेक्स्ट फाइलमध्ये तिचं नाव स्वतंत्र ओळीवर लिहा. मूळ ओळींचा क्रम हलवू नका.

काय चालेल याचा अंदाज बांधणं सोपं आहे. जे मॉड फक्त आकडे बदलतात, म्हणजे शत्रूंची लेव्हल, दुकानदाराकडचं सोनं, वस्तूंचं वजन, ते बहुतेक चालतात. लेव्हल स्केलिंगचा जो दोष वर सांगितला तो याच मार्गाने घालवता येतो. नवं चिलखत, नवी इमारत, नवा चेहरा आणणारे जुने मॉड चालत नाहीत, कारण ते दाखवायचं काम अनरियलचं आहे आणि त्याला जुन्या फाइल कळत नाहीत. मॉडने नवी वस्तू आणली आणि तिच्या नावाला ‘एनएल’ अशी अक्षरं चिकटून दिसली तर घाबरू नका, ते नाव अनरियलच्या भाषासूचीत सापडलं नाही एवढंच. त्यावर उपाय करणारे मॉड उपलब्ध आहेत. अनरियलच्या बाजूचे मॉड पॅक फाइलच्या रूपात येतात, त्या ‘पॅक्स’ फोल्डरमध्ये जातात. ओबीएसई 64 (रीमास्टरसाठीचा स्क्रिप्ट एक्स्टेंडर) लागणारे मॉड हवे असतील तर गेम स्टीमवर घ्या, गेम पासच्या आवृत्तीवर ते चालत नाही.

मॉड हाच तुमचा मुख्य छंद असेल तर मात्र मूळ गेमच घ्या. त्यासाठी जवळजवळ वीस वर्षांत जे जमलं आहे, त्याच्या जवळपासही रीमास्टर पोहोचलेला नाही.

प्रश्न : इतर गेमचे रीमास्टर घेताना काय पाहावं? एकाच फुटपट्टीने मोजता येतात का?

नाही, पण विचारायचे प्रश्न तेच असतात. आधी विचारा की मूळ गेमची घडण जपली आहे का. या कसोटीवर आमच्या मते सगळ्यात पक्का उतरतो तो 2021 चा ‘डायब्लो 2 : रिझरेक्टेड’. मूळ गेम सेकंदाला 25 फ्रेमवर हिशोब करतो आणि वेगाचे सगळे टप्पे त्यावर बेतलेले आहेत. नव्या आवृत्तीने तो हिशोब तसाच ठेवून वर त्रिमितीय चित्र चढवलं. एक कळ दाबली की जुनं चित्र समोर येतं, आणि तुलना तुमची तुम्हीच करू शकता. सामायिक पेटी आणि आपोआप सोनं उचलणं या सोयी जोडल्या, पण मित्रांशी थेट टीसीपी/आयपी जोडणी करून खेळण्याची सोय काढून टाकली. ज्यांचा गट तसाच खेळत होता त्यांच्यासाठी ही मोठी वजावट आहे.

दुसरा प्रश्न, काय गाळलं. ‘मास इफेक्ट : लेजंडरी एडिशन’मध्ये पहिल्या भागाचा ‘पिनॅकल स्टेशन’ विस्तार नाही, त्याचा मूळ कोड खराब झाला होता. तिसऱ्या भागाचा मल्टिप्लेअरही नाही. फायनल फँटसीच्या पहिल्या सहा भागांच्या ‘पिक्सेल रीमास्टर’मध्ये गेम बॉय ॲडव्हान्सच्या आवृत्त्यांत जोडलेली जादा तळघरं घेतलेली नाहीत. सुरुवातीला त्यांचा अरुंद फाँट इतका खटकणारा होता की 2023 मध्ये कन्सोलवर आणताना फाँट निवडायची सोय द्यावी लागली. तिथेच अनुभवाचे गुण वाढवण्याची आणि अचानक होणाऱ्या लढाया बंद करण्याची सोयही आली, आणि दुसऱ्यांदा खेळणाऱ्याला ती फार उपयोगी आहे.

तिसरा, मूळ गेम आजही विकत मिळतो का आणि आजच्या पीसीवर चालतो का. मूळ गेम दुकानातून काढून टाकला असेल तर रीमास्टरचे दोष पत्करणं भाग पडतं. ऑब्लिव्हियनच्या बाबतीत दोन्ही मिळतात, म्हणून इथे निवड खरी आहे.

प्रश्न : माझी जुनी सेव्ह फाइल नव्या गेममध्ये नेता येईल का?

नाही, पात्र नव्याने घडवावं लागेल. जुन्या पात्राच्या सात मेजर स्किल आणि जन्मचिन्ह (पात्र घडवताना निवडलेली रास) कागदावर उतरवून घ्या आणि तेच पुन्हा निवडा. मात्र हिशोबापायी मायनरमध्ये लपवून ठेवलेली आवडती स्किल या वेळी मेजरमध्ये घ्या.